राबाच्या धुरातली फटफटी

अप्पा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. उजाडायच्या आत आपण महाडहून निघालो. फटफटी सरकारी. चालवणारे तुम्ही, मागे मी, मांडीवर औषधांची पेटी.

२. शिवथरच्या वाटेवर शेतांत राब भाजत होते. जळत्या पालापाचोळ्याचा धूर वाटेवर उतरला होता.

३. मी म्हणाले, "डावीकडे घ्या."

४. तुम्ही सरळ गेलात. पुढचं चाक कोरड्या ओहोळात उतरलं. तुमचा गुडघा फुटला. मला काही झालं नाही.

हे आज लिहायचं कारण असं की सोमवारी मला पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. वडिलांना कितव्या वर्षापासून कमी दिसत होतं, असं त्यांनी मागच्या खेपेला विचारलं. मला सांगता आलं नाही. मी नकाशे काढते, अप्पा. शिमग्यापासून मला एका रेषेच्या जागी दोन दिसतात.

तुमचं मला एवढंच माहीत आहे की वर्षभर मी मागे बसून तुम्हाला वाट सांगत होते. तुम्ही गुरांचे डॉक्टर. ऊन चढलं की तुमच्या डोळ्यांपुढे नुसतं पांढरं व्हायचं, म्हणून गावोगावच्या फेऱ्या पहाटेच्या. आईला सांगितलं होतं, पोरीला तेवढीच हवा लागते. अजून ऐकू येतं. मी म्हणते, "पुढे काहीतरी आहे." तुम्ही मान न वळवता विचारता, "काहीतरी म्हणजे काय? बैल की बाई?" "बैल. जवळच आहे." "जवळ म्हणजे किती? हात सांग." "वीस हात." "आता कसं!" बैल बाजूला होतो, बांधाच्या कडेने आपण पुढे जातो, दवाने माझी पावलं भिजतात. ऑफिसात म्हणतात मी तुटक बोलते. त्यांनी तुमच्या मागे बसून पाहावं.

त्या दिवशी राब सोडून माणसं धावत आली. ज्यांचा बैल बघायला निघालो होतो ते म्हातारे शेतकरीही आले. तुम्हाला उठवता उठवता म्हणाले, "आवो डाक्टर, पोरीला मागं बसवलीत, मंग काय व्हनार! हलली आसंल ती."

"बायकांचं कामच नाय ह्ये," त्यांची बायको म्हणाली. "उतर गो तू आधी बाजूला."

तुम्ही धोतराच्या टोकाने गुडघा दाबून धरला होता. म्हणालात, "ती हलली नाही. तिने डावीकडे सांगितलं होतं, ते बरोबर होतं. मला दिसत नाही. वर्षभर मला वाट हीच सांगते."

म्हाताऱ्यांनी विचारलं, "मंग गेल्या येळेला माझ्या बैलाला सुई टोचलीत, ती कुनी बघितली?"

"कोणी नाही. चाचपून टोचली."

"आनि मी पाय धरून हुबा व्हतो!" म्हातारे म्हणाले, आणि आधी तेच हसले.

बाजाराच्या दिवसापर्यंत गोष्ट महाडभर झाली. फटफटी दुसऱ्यांकडे गेली, तुम्हाला दवाखान्यात टेबलाशी बसवलं. फेऱ्यांवाचून तुम्ही कसे झालात ते मी पाहिलं आहे. "हो, हलली," एवढं म्हणाला असतात तर सगळं चालू राहिलं असतं, आणि मला पुन्हा कोणी कशावर बसू दिलं नसतं. तुम्ही गेल्यावर नकाशांचं शिकायला मुंबईला जायचा विषय निघाला. काका नको म्हणत होते. आई म्हणाली, "जाऊ दे तिला. तिचं सांगणं बरोबर असतं, हे चार माणसांत सांगितलंय त्यांनी." त्या एका वाक्यावर मी इथवर आले. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते मानते.

डोळ्यांचं ऑफिसात मी अजून सांगितलेलं नाही. शेजारच्या टेबलावर नवी मुलगी आहे. माझ्या रेषा मी तिला तपासायला देते. तिला वाटतं, मी तिला शिकवते आहे.

या पत्राला पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. तरी विचारते. कितव्या वर्षी सुरू झालं, आणि कळल्यावर सांगेपर्यंत तुम्ही किती दिवस गप्प होतात, दोन्ही लिहा. रविवारपर्यंत कळवावं.