विसळणाचं पाणी

अण्णा, इथं माझ्या टेबलावरून समुद्र दिसतो आणि प्यायचं पाणी मात्र टँकरनं येतं. तुम्ही समुद्र कधी पाहिला नाहीत, पण हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग लगेच विचारलं असतं, “टँकर येळंवर येतो का?” येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी इथल्या विहिरींचं पाणी खारावतं आणि बायका हंडे घेऊन सोसायटीच्या एकुलत्या एका गोड्या विहिरीवर येतात. ती सोसायटी मच्छीमारांची, सहकारी, आणि तिची सरकारनं नेमलेली सचिव मी. तुम्ही गावच्या दूध सोसायटीचे सचिव होता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी फिरून फिरून तुमच्याच खुर्चीत येऊन बसले, फक्त दुधाच्या जागी मासे आले. आज चार वाजता आमची सभा आहे. आत्ता दोन वाजलेत. सभेपुढं ठेवायचा अहवाल मी सकाळीच लिहिला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. त्यात एक वाक्य खोटं आहे, अण्णा. त्या वाक्यानं एका म्हाताऱ्याचं काम जाणार आहे.

हे गाव म्हणजे डांबरी रस्ता जिथं संपतो तिथली थोडी घरं. तालुक्याची एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते आणि इथंच वळते, कारण पुढं जायला जागाच नाही. पलीकडच्या गावाला जायचं तर खाडीतून होडीनं. कुलपं गंजतात, मीठ बरणीत घट्ट बसतं, पावसाळ्यात सोसायटीच्या फायलींना बुरशी येते आणि मी त्या, लहान बाळाचे लंगोट वाळवावेत तशा, दोरीवर टाकते. घड्याळाला कुणी विचारत नाही. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठला, यावर माणसं उठतात आणि झोपतात. माझी मात्र झोपच गेली आहे. आपल्याकडं उन्हाळ्याच्या दुपारी कसं सगळं गप्प असतं, कावळासुद्धा ओरडत नाही. इथं ते पाणी सारखं काहीतरी उचलतं आणि ठेवतं, उचलतं आणि ठेवतं. घरात कुणीतरी कामाला लागलंय आणि आपण नुसते बसून आहोत, असं वाटत राहतं. माणसं वाईट नाहीत. मला ‘घाटावरची मॅडम’ म्हणतात, ताजा बांगडा आणून देतात, आणि मी ज्वारीची भाकरी थापते तेव्हा शेजारीण दारात उभी राहून बघते, जशी काही मी जादूच करतेय. पण तीन वर्षांत एकदाही माझा पाय इथं ठरला नाही. परवापासून तर मी दर पाच मिनिटांनी उठून बाहेर जाते आणि विहिरीत डोकावून येते.

झालं ते असं. होड्या आल्या की मासळी क्रेटमध्ये बर्फ घालून भरतात आणि गाडी शहराकडं जाते. ते क्रेट धुवायचं काम एक म्हातारा कितीतरी वर्षं करतोय. गोड्या विहिरीचं पाणी काढतो, एकेक क्रेट स्वच्छ धुतो आणि पाणी सोडून देतो. ते पाणी वाळूत जाताना बघून माझा जीव तुटायचा, अण्णा. पलीकडं बायका हंडा घेऊन तास-तास उभ्या, आणि इकडं हे. मी दोन पिंपं ठेवायला लावली. धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं आणि त्यातच पुढचे क्रेट विसळायचे. म्हाताऱ्यानं पिंपाकडं बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, ह्या पाणी परत वापरू नका. मासो वास मारतलो.” मी म्हणाले, “आमच्याकडं एवढ्या पाण्यात तीन कामं होतात.” तो म्हणाला, “तुमच्याकडे मासो खय आसा?” मला राग आला. सांगितलं तेवढं करा म्हणाले. तोंडी सांगितलं, कागदावर काही नाही. चौथ्या दिवशी सबंध गाडी शहरातून परत आली. किनाऱ्यावर खड्डा काढून मासे पुरले, आणि तो वास अजून माझ्या केसांत आहे असं वाटतं. अध्यक्षांनी म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, “क्रेट नीट धुतलेस नाय?” त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. बोलला काहीच नाही. मीही नाही बोलले. त्याच दिवशी मी पिंपं रिकामी करून शेडमागं ठेवायला लावली. आणि आज सकाळी अहवालात लिहिलं, ‘क्रेट धुण्याच्या कामातील हलगर्जीपणामुळे माल खराब झाला. संबंधित कामगारास कामावरून कमी करावे.’ काय सुरेख अक्षर आलंय, तुम्ही शिकवलेलं.

पाणी वाचवायचं हे वेड माझ्या अंगात आलं ते आईच्या स्वयंपाकघरातून. त्या दुष्काळाच्या वर्षी आई मला घमेल्यात उभं राहून आंघोळ करायला लावायची आणि त्या घमेल्यातलं पाणी पुढं कपडे पहिल्यांदा बुचकळायला, तिथून अंगणाला, आणि उरलंच तर दारच्या लिंबाला जायचं. डाळ-तांदळाचं धुवण म्हशीचं. अर्धा गाव ऊसतोडीला गेलेला, घराघराला कुलपं. जी माणसं मागं राहिली ती म्हशीच्या आधारानं राहिली. आई म्हणायची, “थेंब सांडशील तर जिभेनं चाटाय लावीन.” आणि त्याच घरात रोज पहाटे तुम्ही चुलीजवळची भरलेली घागर उचलता आणि सोसायटीच्या कॅना धुवायला घेऊन जाता. आई आडवी येते. “लेकरं तान्हेली हायेत अन् तुमी कॅना धुवायलाव?” तुम्ही घागर खांद्यावर घेता. “ते दूध आपलं न्हाई. गावाचं हाय.” मला तेव्हा आईचंच पटायचं. तुमचा राग यायचा. घरातलं पाणी घालून गावाची कॅन चकचकीत ठेवणारा बाप मला येडा वाटायचा, अण्णा. खरंच सांगते.

मी नववीत होते आणि कॅना विसळायला मी तुमच्याबरोबर यायची. एक दिवस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी आहेत, गाडी यायची वेळ झाली आहे, आणि तुम्ही मी विसळत असलेल्या कॅनचं झाकण उचलून नाक आत घालता. तुम्ही माझ्याकडं बघता. “पाणी कालचं हाय.” मी आदल्या दिवशीचं विसळणाचं पाणी बादलीत झाकून ठेवलं होतं, तेच वापरत होते. मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल. “ओत,” तुम्ही म्हणालात. “अण्णा, पाणी हाय.” “ओत म्हणलं ना.” सगळ्या रांगेसमोर, फुफाट्याच्या रस्त्यावर, मी बादली उपडी केली. एक म्हातारी ‘अगं माय’ म्हणून हळहळली. पाणी मातीत गेलं तेव्हा बुडबुडे आले, तेही मला आठवतात. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही बीडच्या बाजारातून स्टीलचा पेला आणलात, त्यावर माझं नाव घालून. “ह्यो तुजा. ह्यातलं पाणी कुनी मागनार न्हाई.” तोच पेला आत्ता टेबलावर आहे. या गावात न गंजलेली ही माझी एकच वस्तू.

आणखी एक कागद आहे, तो ड्रॉवरमध्ये. माझी बदली झालीय. कड्याच्या सोसायटीत, आपल्या जिल्ह्यात. सोमवारी इथून सुटायचं. तीन वर्षं मी त्यासाठी अर्ज केले, साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसले, लोकांच्या ओळखी काढल्या. अहवालात माझी चूक लिहिली की चौकशी लागेल आणि बदली अडकेल, किती दिवस ते देव जाणे. नाही लिहिली तर सोमवारी एसटीत बसायचं आणि मागं वळून बघायचं नाही. म्हाताऱ्याला दुसरं काम कोण देणार? होडीवर जायचं त्याचं वय गेलं. त्याची बायको मला दर शनिवारी वालाच्या शेंगा आणून देते, नको म्हटलं तरी. साडेतीन झाले, अण्णा. खाली खुर्च्या मांडायला लागलेत. मी जाऊन येते.

आले. सहा वाजलेत.

अहवाल मी वाचला. त्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. पेननं ते खोडलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि म्हणाले की पिंपं मी ठेवायला लावली, क्रेट धुणारे हे काका नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला नाही. मग पुढं बसलेली मासे विकणाऱ्या बायकांची म्होरकी, जिचा सगळ्यात जास्त माल पुरला गेला होता ती, शांतपणे म्हणाली, “मगे तेवाच कित्याक नाय सांगलास?” अध्यक्ष म्हणाले, इतिवृत्तात जसंच्या तसं लिहा आणि वर कळवा. म्हातारा मागं भिंतीला टेकून उभा होता. सगळे उठल्यावर जवळ आला. मी माफी मागणार तेवढ्यात तोच म्हणाला, “मॅडम, ती पिंपां आता बायकांका देवया? पावसाचा पाणी धरूक बरी.” एवढंच. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. वर आले, दोनदा दिवा लावला, दोनदा घालवला, खिडकी उघडली, लावली. त्या बाईचा प्रश्न काही केल्या खोलीतून जाईना. तेव्हाच का नाही सांगितलं?

अण्णा, त्या दिवशी तुम्ही एकाच कॅनचं झाकण उचललंत. तिच्या शेजारची कॅन मी आधीच विसळून, झाकण लावून ठेवली होती. त्याच बादलीतल्या पाण्यानं. मला तेव्हाच सांगता आलं असतं, पण रांगेसमोर आणखी एकदा ‘ओत’ ऐकायची माझी तयारी नव्हती. त्या कॅनमध्ये वेशीजवळच्या मावशीचं दूध गेलं आणि आपलं गेलं. संध्याकाळी ती कॅन डेअरीतून परत आली, दूध नासून. तुम्ही आठवून आठवून म्हणालात, “तिच्या म्हशीचं सड सुजलं हुतं मागल्या आठवड्यात. तेचंच हाय हे.” नवरा नसलेली बाई, एक म्हैस, दोन पोरं. तुम्ही तिचं दूध पंधरा दिवस बंद केलंत. ती रोज किटली घेऊन सोसायटीच्या दारात यायची. “भाऊ, माजं दूध चांगलं हाय. तुमीच पिऊन बगा.” तुम्ही नियमाचे पक्के. मी तिथंच, तुमच्या मागं, माझ्या नव्या पेल्यातून पाणी पीत उभी. पंधरा दिवस व्हायच्या आतच तिनं म्हैस विकली आणि दिराच्या टोळीबरोबर पोरांना घेऊन उसाला गेली. त्यानंतर ती बरीच वर्षं जातच राहिली. तुम्हाला मी दोष देत नाही. नाही, थोडा देते. दुसरंही झाकण उचलायला हवं होतं तुम्ही. पण तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी रांगेसमोर उभं राहून तिची माफी मागितली असती आणि मलाही मागायला लावली असती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी आठ दिवस बसले होते, तेव्हाही नाही.

ती मावशी अजून आहे. मागच्या दिवाळीला गावी गेले तर वेशीपाशी उन्हाला बसली होती, कोयता धरून धरून बोटं वाकडी झालेली. “कवा आलीस माय?” म्हणाली आणि हात पुढं केला. मी एसटीचं निमित्त सांगून तशीच पुढं गेले. आणि आज, अध्यक्षांनी वर कळवा म्हटलं, माझी बदली अडकणार हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं, अण्णा. इतकी वर्षं घरी जायचं घरी जायचं म्हणून जिवाला घोर लावून घेतला, आणि आता ती वाट अडली म्हणून हायसं वाटलं, कारण ती मावशीच्या वेशीवरून जाते.

हे पत्र आता ड्रॉवरमध्ये त्या बदलीच्या कागदाखाली ठेवते. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, म्हणून तुम्हाला लिहिलं. मावशीला वाचता येत नाही. तिला तोंडानंच सांगावं लागेल.