मारोती मागंल तवा

१२ नोव्हें. ९६, पुसेगाव

राख सावडून आलो. रामभाऊ गेला हे अजून डोक्यात शिरत नाही. सकाळी पेटीचं झाकण उघडलं आणि तसंच बंद केलं.

वीस वर्षं तोच आमच्या नाटक मंडळीची नायिका. दिवसा मेंढरं राखायची, जत्रेत लुगडं नेसून उभं राहायचं, मी पेटीवर. सतरा पदं. सगळी गावच्या गोसावीबुवांनी बांधलेली, दुसरीकडं कुठं नाहीत. बुवांची वही वाळवीनं खाल्ली. रामभाऊच्या गळ्यात होती आणि माझ्या डोक्यात. आता एकट्या माझ्या डोक्यात.

जायच्या आदल्या दिवशी बोलावून घेतलं. घरच्यांना बाहेर काढलं. खंडोबाचा भंडारा ताटलीत काढून ठेवला होता. माझा हात धरून त्यात ठेवला. म्हणाला, "मास्तर, कागदावर न्हाई, टेपात न्हाई, दुसऱ्याच्या कानात न्हाई. माझं पोरगं मागंल तवा त्याला. अन् त्यानं आपुन होऊन मागाया पायजे. तुमी सुचवायचं न्हाई." मी भंडारा उचलला आणि म्हटलं, बराबर.

मरणाऱ्या माणसाशी कोण घासाघीस करतं! दिवसपाणी झालं की मारोती येईल, मागेल. नख अजून पिवळं आहे.

३ मार्च ९७

आला नाही.

मीच त्याच्या वाड्यावरून तीनदा गेलो. मेंढ्या कातरून राहिला होता. चहा दिला. पाऊसपाणी, हळद, मेंढ्या कोंडायची वाघूर लावायला जागा, सगळं बोलला. बापाचा विषय नाही. मी पेटीवर बसल्यासारखी बोटं गुडघ्यावर नाचवली, तर म्हणे गुरुजी, मुंग्या आल्या का?

हिला सांगितलं नव्हतं, आज सांगावं लागलं. ही म्हणाली, "सरळ जाऊन सांगा की त्याला." म्हटलं, भंडारा उचललाय. मग तिनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. ती पण त्याच देवाची.

२१ जून ९७

काहून मागत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. लिहायचं टाळत होतो.

मारोती माझ्याच वर्गात होता. चौथीत. पोरं त्याला 'बाईचं पोरगं' म्हणायची. बाप जत्रेत लुगडं नेसतो ना. एकदा एकानं त्याच्या दप्तरात बांगड्या ठेवल्या. ते दप्तर त्यानं वर्गात उघडलं आणि बांगड्या खाली पडल्या. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. थोडंच, पण हसलो. रात्री ज्याच्या मागं पेटी धरायचो त्याच्याच लेकराला. पाचवीला तो शाळेत आलाच नाही, मेंढरांमागं गेला. रामभाऊनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

त्यानं मला हे ओझं विचार करून दिलं की काय, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१४ जाने. २०००

औरंगाबादहून एक प्राध्यापक. टेप, माइक, डायरी. खेडोपाडीची संगीत नाटकं, जुने गायक, त्यांच्या आठवणी गोळा करतो आहे. रामभाऊचं नाव त्याला कुणी दिलं देव जाणे. तुम्ही साथीला होतात, एखादं पद म्हणून दाखवा. एकच.

म्हटलं, विसरलो.

चाल तरी?

विसरलो.

माझ्याकडं त्यानं असं पाहिलं की, बिचारं म्हातारं. दोन चहा पिऊन गेला. पाठमोरा झाला आणि मला इतका संताप आला! त्याच्यावर नाही. मेलेल्या माणसावर. अरे, तुझंच गाणं आहे, एक पद त्या डब्यात गेलं असतं तर तुझं काय जात होतं? लोक दुसऱ्या गावच्या गायकांची नावं घेतात, तुझं कोण घेणार?

जेवलो नाही. हिनं दोनदा विचारलं.

९ ऑग. २००३

हिंगोलीला डॉक्टर. दम्यासारखंच आहे म्हणतो. जोरात बोलू नका, हळदीच्या भट्टीकडं फिरकू नका. गाणं म्हणता का, असं विचारलं नाही, बरं झालं.

मंगळवारचं चालू ठेवलंय. ओढ्याच्या काठाला जायचं आणि सतराही पदं एका बैठकीत म्हणायची. तिथं कुणी नसतं. न म्हणावं तर विसरेन ही भीती. पूर्वी तासात व्हायचं, आता मध्येमध्ये थांबावं लागतं. सत्तरी उलटली. मारोती पन्नाशीला आला. कोण आधी जाईल याचा हिशोब करत बसतो, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

परवा हिनं अचानक म्हटलं, की तुमी गेल्यावर त्यो मागाया आला तर मी काय सांगू?

२ एप्रिल २००६

मारोती आला. स्वतः होऊन. टोपी काढून सपरात बसला आणि म्हणाला, गुरुजी, तुमच्याकडं एक मागनं व्हतं.

मला असा दम लागला की ही आतून पाणी घेऊन धावली. म्हटलं, माग बाबा, माग.

सुनीताची, त्याच्या धाकटीची, सोयरीक. कुरुंद्याचे पाहुणे रविवारी येऊन राहिले. लोक चांगले आहेत, पोरगं तालुक्याला नोकरीला. तुम्ही बैठकीला या. अन् आमच्या बाचा विषय निघाला तर नाटकात टाळ वाजवायचा म्हना. तेवढंच.

त्यानं नजर वर केली नाही. मी म्हटलं, बराबर. माझ्या तोंडात दुसरा शब्दच येत नाही वाटतं.

९ एप्रिल

बैठक झाली. पोरगी पसंत पडली. साखरपुड्याचं ठरलं. आनंदाची गोष्ट आहे, तर आधी ती लिहिली.

विषय कुणी काढायला नकोच होता. मुलाचा आजा, ऐंशीच्या पुढचा, कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेला. त्यानंच काढला. तरुणपणी बैलगाडी जोडून पुसेगावच्या जत्रेला यायचा म्हणे. "तुमच्या गावात नाटकात एक बाई व्हती. तीनदा वन्स मोअर दिला तरी आवाज हलला न्हाई. पुन्हा तसं आयकाया न्हाई भेटलं. कोन व्हती वो ती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मारोती कप भरत होता, भरतच राहिला.

पन्नास वर्षांनी एक माणूस रामभाऊचा आवाज मनात घेऊन माझ्यासमोर बसलेला. नाव सांगायला एक क्षण पुरला असता. मी म्हटलं, परभणीहून आणायचे कुणी. नाव ध्यानात न्हाई.

"हाय का ती?"

म्हटलं, न्हाई. गेली.

तेवढंच खरं बोललो. म्हातारा हळहळला, त्या बाईसाठी. घरी आलो, चूळ भरली, तरी तोंड कडू. रामभाऊ, तुझं सगळं मी आज एका बाईला देऊन आलो, जी नव्हतीच.

११ एप्रिल, मंगळवार

जाणार नव्हतो. सवयीनं पाय गेले. ओढ्याला पाणी नाही, दगडावर बसलो आणि सहावं पद धरलं. नायिका नदीकाठी हाक मारते ते.

पलीकडून मारोतीचा आवाज आला. "गुरुजी, तितं दम घ्येता ते चुकून राहिलं."

काठीला टेकून उभा होता, मेंढ्या मागं पांगलेल्या. म्हणाला, हाक मारायच्या आधी तुम्ही दम घेता. आमचा बा घेत नव्हता. हाक मारून मग घ्यायचा, अन् तवर लोक बी दम धरून बसायचे. दर मंगळवारी आयकतो, दर मंगळवारी तुमी तितं चुकता.

दर मंगळवारी. म्हणजे किती वर्षं! दुसऱ्याच्या कानात न्हाई म्हणाला होता रामभाऊ, आणि मी इतकी वर्षं, त्यानं न मागता, थेट त्याच्या लेकराच्या कानात ओतत होतो, तेही चुकीचं.

मी म्हटलं, कसं ते?

त्यानं तोंड मेंढ्यांकडं फिरवलं आणि तेवढी एक ओळ म्हटली. आवाज जाडाभरडा, मेंढरांना हाका मारून फाटलेला. पण हाक बराबर त्या जागी उचलली, लांबवली, आणि मग दम घेतला. माझाही श्वास तिथं थांबला होता. रामभाऊच होता तो. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचं कशाला, बघायला मेंढ्याच होत्या.

मी म्हटलं, "मारोती, पुन्हा म्हन."

"न्हाई," म्हणाला. अन् मेंढ्या वळवून टेकडीकडं गेला.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, मग मागितलं म्हनायचं का त्यानं?

नाही. त्यानं काही मागितलं नाही. मागितलं ते मी. इतकी वर्षं वाट बघून मीच हात पसरला, आणि त्यानं नाही म्हटलं. बाकीच्या सोळा पदांत कुठं कुठं चुकतो ते त्यालाच माहीत असणार. विचारायला जावं, तर ते सुचवणं ठरतं की काय? रामभाऊनं एवढं काही सांगून ठेवलं नाही.