लाल कागदावरची माया

दिएम,

तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, ‘थुअंग’, म्हणजे माया, हा शब्द लाल कागदावर चिनी अक्षरात लिहून मी तुला दिला. तुझे आजोबा कडाडले, “सणासुदीला नातीला जखम देतोस? म्हणूनच तुझं कॉलेज अर्धवट सुटलं!” माझं डोकं फिरलं. कागद फाडून मी निघालो. तू पुलापर्यंत हाका मारत आलीस, मी वळलो नाही.

आज कोश पाहिला. चिनीत त्या अक्षराचा अर्थ जखमच. आपल्या व्हिएतनामीत येऊन तिची माया झाली. दुसऱ्याची जखम आपल्याला दुखली की माया, असं मला वाटतं. मग तुझ्या हाका मला तेव्हाच का दुखल्या नाहीत?

हे पत्र टाकत नाही. आजोबा यातही चुका काढतील. उद्या स्वतःच येतो. दार उघडशील ना?

अजूनही तुझाच,
लुअन