पट्टीचं एक टोक

प्रिय अण्णा,

मायेनं केलेल्या गोष्टीतून चूक झाली, तर ती सांगताना माया कशी वगळायची?

गेल्या आठवड्यात तुमच्या अंबरनाथच्या कारखान्यात मी वाफेच्या पाइपावर उष्णतेपासून वीज करणारी, कॉलेजात बनवलेली ती वीतभर पट्टी बसवली. तुम्ही विचारलंत, उष्णता सरळ बाहेर येते, मग वीज आडवी का? मी म्हटलं, या पट्टीची घडणच तशी. उष्णता तिच्या जाडीतून जाते आणि वीज लांबीवर मिळते. तुमच्या जोडीचे कैलासकाका हसले, "अण्णा, तुझी पोर आता आपल्या चामटोली गावाचं लाइट बिल बंद करणार!" दुसऱ्या दिवशी मीटरवर नऊ मिलिव्होल्ट दिसले. तुम्ही तो आकडा गावभर सांगितलात. कारखान्याचे साहेब म्हणाले, सोमवारी बाहेरचे लोक बघायला येतील. जमलं तर या कामावर तुम्हाला कायम करू. बावीस वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसानं हे ऐकून नुसता घाम पुसला. मी पाहत होते.

मीटर लांब टेबलावर, म्हणून मी पाइपाजवळ पुन्हा गेलेच नव्हते. काल गेले. पट्टीच्या एका टोकावर उष्णता अडवणारं ग्लासवूल गुंडाळलेलं, वर तुमची तारेची दुहेरी गाठ. माझा हात भाजू नये म्हणून. उघडा गरम पाइप तुम्हाला बघवतच नाही. पण त्यानं ते टोक जास्त तापत होतं, आणि दोन टोकांत असा फरक पडला की साध्या पट्टीतूनही वीज मिळते. मी ते सोडलं, तासभर थांबले. नवाचे दोन झाले. परत गुंडाळलं, परत नऊ. कोणी पाहिलं नव्हतं. गाठ तशीच ठेवून घरी यावं असं अगदी मनापासून वाटलं, अण्णा.

दोन्ही टोकांचं तापमान मोजणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, एवढंच कॉलेजच्या मॅडमना लिहिलंय. त्यात तुमचं नाव नाही. दोनचा आकडा मात्र खरा आहे, तोही लिहिलाय. हे तुम्हाला गेटवर दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून चिठ्ठी तुमच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीमागे ठेवतेय; बदलापूर स्टेशनवर पुडी काढाल तेव्हा सापडेल. सोमवारी कोणी येणार नाही. खरं कळवू का, असं तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, पण तुमचा चेहरा मला बघवला नसता. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा साहेबांनाही हेच लिहून मेल पाठवून झाली.

तुमचीच,
तेजल