खालची रेघ

प्रिय वहिनी,

परवा फोनवर तू पेपरचं विचारलंस आणि मी नेहमीसारखी थाप मारून सटकले. खरं सांगते, पेपर केव्हाच लिहून झालाय. अडलंय ते कुठल्या जर्नलला पाठवायचा इथंच. आमचे सर म्हणतात, गणिताच्या जर्नलला दे, तिथं समीकरणं कौतुकानं वाचतात. आमच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तिथं चार गणिती वाचतील आणि पेपर कपाटात जाईल. औषध देणारे जे वाचतात तिथंच पाठव. दोघांचंही पटतं आणि मी आपली चालढकल करतेय.

दादानं सगळे स्कॅन माझ्या हवाली केले तो दिवस आठवतो? “धाकटी असून शाळेत माझी गणितं हीच सोडवायची, आता गाठीचंही सोडवू दे,” असं माझ्याकडे बोट दाखवून सांगत तो नर्सला हसवत होता. तू मात्र खिडकीकडे तोंड करून त्याच्या स्वेटरची घडी घालत राहिलीस.

त्या स्कॅनवरून मी गाठीच्या वाढीची रेघ काढली. ती त्याच्या आजारपणाशी तंतोतंत जुळली. प्रोग्राम चालवला की औषधानं ती थोडी खाली येते आणि मग चढत जाते. कुठं थांबणार हे ठाऊक असूनही दर वेळी वाटतं, आज नाही चढणार. वेडेपणाच आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी सुचवलं म्हणून दादाचं तेच औषध थोडं थोडं, पण लवकर लवकर देऊन पाहिलं, फक्त गणितात. रेघ खाली आली आणि खालीच राहिली. तेव्हा असं कुणीच देत नव्हतं गं. आपल्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही, तुझं तर नाहीच. शिवाय गणित म्हणजे दादा नव्हे, ते चुकूही शकतं. पण तेव्हापासून मला घर खायला उठतं.

गणिताच्या जर्नलात फक्त समीकरणं गेली तरी चालतील, कुणाला काही विचारावं लागणार नाही. डॉक्टरांच्या जर्नलला मात्र एकाच रुग्णाचा आलेख छापायचा तर घरच्यांची संमती लागते, म्हणजे तुझी. तू न बघताच हो म्हणशील, मला माहीत आहे. तसं नको. वरची रेघ आपण सोसली. खालच्या रेघेत दादा आज आहे. कुणा दुसरीच्या नवऱ्याला ती उपयोगी पडेलही, पण तुला बघायची नसेल तर तसं कळव, मी पुन्हा विषय काढणार नाही. बघणार असशील तर मी येते. मलाही ती एकटीनं बघवत नाही.

तुझीच,
धाकटी नणंद