दुसऱ्या अंकाची नऊवारी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, कढी तेवढी गरम करून घ्या. कपाटातली माझी हिरवी नऊवारी शोधू नका, ती मीच नेली.

मी कसालला नाटकाला गेले आहे. तुमच्या मंडळाचं ते जुनं संगीत विनोदी नाटक पोरांनी पुन्हा बसवलंय, आज प्रयोग आहे. आपला साईल कॉलेजच्या कामाला गेलाय असं सकाळी सांगितलं ते खोटं. तुम्ही करायचात ती मामी आता तोच करतोय. "साडी नेसान उभो रवलंस तर घरात येव नको," असं तुम्ही बजावलंत, तेव्हापासून पोर माझ्या माहेरी जाऊन गाणी म्हणतंय.

बाजारात लोक तुम्हाला 'मामी' म्हणून चिडवायचे, ते मी विसरले नाही. पण तुमच्या गाण्याला वन्समोअर देणारेही तेच होते.

पहिल्या अंकातली पाचवारी मी नेसवीन. दुसऱ्यात नऊवारीवर नाच आहे आणि काल तालमीत ती दोनदा सुटली. नाचताना न सुटणारो तुमचो तो कासोटो माका जमणा नाय.

गाडीची चावी खुंटीक आसा.

सुलभा