झाडलेली जमीन

रविवार. घरी पोचले, पण जेवण गेलं नाही.

ऑफिसच्या सहलीची बस सकाळी आलापल्लीहून हेमलकशाकडे निघाली. वाटेत मोहाचं झाड दिसलं, खाली पिवळा सडा, म्हणून सगळ्यांनी बस थांबवायला लावली. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली होती. आमच्याकडे फुलं वेचायला अशी जमीन झाडतात. ज्या घरानं जमीन झाडली, झाड त्या घराचं, दुसरं कोणी हात लावत नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक. तरी आमच्या ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, "तू इकडचीच ना, घेतली तर चालतील?" आणि मी म्हटलं, "घ्या ना, जंगलातलीच तर आहेत." काऊन म्हटलं असं? मोठेपणा, दुसरं काय.

मग फोटो, ओंजळी, पिशव्या. झाडलेल्या जमिनीवर बुटांचे ठसे, ठशांत चेंदलेली फुलं.

तेवढ्यात टोपली आणि खराटा घेऊन एक म्हातारी बाई आली. ओरडली नाही. जमिनीकडे पाहिलं, मग मलाच विचारलं, "कोन्या गावची वो तू?"

माझं गाव तिथून पायी जाण्याइतकं जवळ. मी म्हटलं, "चंद्रपूरची." राहते तिथेच, म्हणजे अगदी खोटं नाही. मॅडमनी ऐकलं.

"मंग तुले काय मालूम, बाई," म्हातारी म्हणाली, आणि खराटा घेऊन आमचे ठसे झाडू लागली.

आत्ता बूट काढले. तळाला एक फूल चिकटलंय, वास अजून तसाच. तिनं माफ केलं ते चंद्रपूरच्या बाईला.